बोलायला लावणारी आठ कार्डं: परळच्या एका संध्याकाळच्या इंग्रजी बॅचचा प्रकरण अभ्यास

परळ-लालबाग पट्ट्यात शाळा सुटल्यावर वर्ग भाड्याने घेऊन चालणाऱ्या इंग्रजीच्या बॅचेस बऱ्याच आहेत. त्यांत सर्रास दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ही नमुना बॅच उभी केली आहे. वीस जण, सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ. हॉस्पिटलमधला लॅब टेक्निशियन, पतपेढीतला क्लार्क, कुरिअर कंपनीचा सुपरवायझर, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या तीन मुली, एक नर्स, मुलं मोठी झाल्यावर नोकरी शोधू लागलेल्या दोन गृहिणी. बहुतेक जण मराठी माध्यमातून दहावी-बारावी झालेले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्यामुळे पस्तिशीच्या पुढच्यांनी एबीसीडी पाचवीत गिरवलेली आणि तरुणांनी पहिलीत. पण बोलायला उभं केलं की दोघांची गत सारखीच.

पातळी म्हणाल तर मधली. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाची जी श्रेणी प्रसिद्ध केली, तिच्यात याला बी-वन म्हणतात. ओळखीच्या विषयावर वाचलेलं समजतं, रजेचा अर्ज लिहिता येतो, काळांची नावं तोंडपाठ असतात. दुकानात, ऑफिसात, फोनवर मात्र पहिलं वाक्य झालं की दुसरं सुचत नाही. समोरच्याने उलट प्रश्न केला की 'येस सर' म्हणून विषय संपतो.

खोलीबद्दल दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं नियोजन त्यांनी ठरवलं. बाक जमिनीला ठोकलेले, दोन-दोन जणांचे, त्यामुळे गोल करून बसणं शक्य नाही. आणि गाड्यांमुळे साडेसातला निम्मीच बॅच हजर असते. बाकीचे पावणेआठपर्यंत येत राहतात.

आधी काय चाललं होतं

बाई अनुभवी होत्या आणि त्यांनी बोलण्याच्या कृती टाळल्या नव्हत्या. दर शुक्रवारी वादविवाद असे: मोबाईल शाप की वरदान, एकत्र कुटुंब चांगलं की विभक्त. याशिवाय दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे छापील संवाद आणि दोन चित्रांतले फरक शोधण्याचा खेळ.

वादविवादात तिघंच बोलायचे, आणि तेही शाळेतल्या निबंधाची वाक्यं म्हणून दाखवायचे. संवाद पाठ व्हायचे, कागद काढून घेतला की संपायचे. चित्रांच्या खेळात जोडीदार दीड मिनिटात एकमेकांच्या कागदात डोकावून मराठीत फरक मोजायचे आणि हात वर करायचे. यावर निदान ठरलेलं: मुलं लाजतात, वातावरण नाही, घरी कोणी इंग्रजी बोलत नाही.

हे निदान चुकीचं होतं. हीच माणसं चहाच्या टपरीवर कोणाचं ऐकून घेत नाहीत. त्यांना बोलण्याची गरजच पडू नये अशी त्या कृतींची बांधणी होती. वादविवादात एकाला जे माहीत ते सगळ्यांनाच माहीत, मग सांगायचं कोणाला? संवादात पुढचं वाक्य छापलेलंच असतं. चित्रांत कागद दाखवला की काम होतं, आणि काम होत असेल तर माणूस उगाच परक्या भाषेत कशाला शिरेल?

या कोड्यावर आपल्याकडे फार पूर्वी विचार झाला आहे. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये, मोठ्या वर्गांत, कृतींमधून इंग्रजी शिकवण्याचा बंगळूर प्रकल्प चालवला. कृतींचे त्यांनी तीन प्रकार केले: माहितीची दरी, म्हणजे एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नाही, तर्काची दरी, म्हणजे मिळालेल्या माहितीवरून काहीतरी काढायचं किंवा ठरवायचं आहे, आणि मताची दरी. प्रभूंचा कल तर्काच्या दरीकडे होता. या बॅचमध्ये तो का बरोबर ठरतो हे उघड दिसतं. मत द्यायला शब्दही लागतात आणि धीटपणाही लागतो. चार आकड्यांवरून निर्णय घ्यायचा असेल तर बोलण्याचा मजकूर समोर असतो, आणि उत्तर चुकलं तरी अब्रू जात नाही. शुक्रवारचा वादविवाद म्हणजे सगळ्यांत अवघड प्रकार सगळ्यांत आधी.

भाड्याची जागा

वादविवाद बंद करून त्या जागी एक कृती आली, आणि पुढचे दोन आठवडे बॅच तिच्याभोवती फिरली. चौघे मित्र मिळून भाड्याने जागा घेणार आहेत. चार जाहिराती आहेत, चौघांच्या चार अटी आहेत. ठरवायचं एकच: कोणती जागा घ्यायची.

एका ए-फोर कागदावर आठ चौकोन: चार जाहिराती, चार अटी. कागद कापून आठ कार्डं. वीस जणांना पाच संच लागतात, म्हणजे पाच झेरॉक्स. जाड कागदावर काढली तर दोन-तीन वर्षं टिकतात. प्रत्येक संचाच्या मागे वेगळ्या रंगाच्या पेनाने ठिपका मारून ठेवायचा. तसं केलं नाही तर गोळा करताना संच मिसळतात आणि पुढच्या वेळी एका गटात दोन डोंबिवली येतात.

जाहिराती अशा (आकडे कृतीसाठी बेतलेले, बाजारभाव नव्हेत):

क. डोंबिवली, वन बीएचके, भाडं १४,०००, डिपॉझिट ५०,०००, चौथा मजला, लिफ्ट नाही, स्टेशन चालत १५ मिनिटं.
ख. विक्रोळी, वन आरके, भाडं १८,०००, डिपॉझिट ७५,०००, दुसरा मजला, लिफ्ट आहे, स्टेशन चालत १० मिनिटं.
ग. नालासोपारा, वन बीएचके, भाडं १०,०००, डिपॉझिट ३०,०००, तळमजला, शेअर रिक्षाने स्टेशन २० मिनिटं.
घ. घाटकोपर, चाळीतली खोली, भाडं १३,०००, डिपॉझिट ६०,०००, पहिला मजला, सामाईक शौचालय.

अटी: एकाचा गुडघा दुखतो, चार जिने रोज चढणं नको. एक जण गावी पैसे पाठवतो, डिपॉझिटचा वाटा १५,०००च्या वर देऊ शकत नाही. एकाची ठाण्याला सकाळी सातची ड्युटी आहे. एकाची नाइट शिफ्ट आहे, शौचालय घरातच हवं.

प्रत्येक जागा नेमकी एकच अट मोडते. डोंबिवलीला गुडघा आडवा येतो. विक्रोळीचा डिपॉझिटचा वाटा चौघांत १८,७५० येतो. नालासोपारा पश्चिम रेल्वेवर, तिथून सातला ठाणं गाठायचं म्हणजे पहाटेच निघायला हवं. घाटकोपरला शौचालयाचं अडतं. म्हणजे कोणाला तरी पड खावी लागणार, आणि ती कोणी खायची हे बोलल्याशिवाय ठरत नाही. पहिल्या मसुद्यात विक्रोळीचं डिपॉझिट ४०,००० ठेवलं होतं. ती जागा सगळ्यांच्या अटींत बसली आणि गट तीन मिनिटांत 'विक्रोळी, मॅडम' म्हणून मोकळे झाले. एक जागा सरळसरळ चांगली असेल तर कृती मेली.

वाटपही पाहून करायचं. स्वतःची अट मोडणारी जाहिरात त्याच माणसाकडे गेली तर तो ती मनातल्या मनात फेटाळतो आणि गटाला काही ऐकायलाच मिळत नाही. म्हणून डोंबिवलीबरोबर शौचालयाची अट, विक्रोळीबरोबर ठाण्याची, नालासोपाऱ्याबरोबर गुडघ्याची आणि घाटकोपरबरोबर डिपॉझिटची, अशा जोड्या क्लिपने लावून ठेवायच्या.

कार्डं मराठीत का

या बॅचमध्ये सगळ्यांत जास्त फरक याच एका गोष्टीने पडला. पहिल्यांदा कार्डं इंग्रजीत होती. प्रत्येकाने आपलं कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं: 'रेंट फोर्टीन थाउजंड, डिपॉझिट फिफ्टी थाउजंड, नो लिफ्ट.' बाकीच्यांनी लिहून घेतलं. वर्गात आवाज भरपूर, वाक्य एकही नाही. वाचून दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे.

कार्डं मराठीत, तीही तुटक, टिपणासारखी लिहिली की हा मार्ग बंद होतो. 'चौथा मजला, लिफ्ट नाही' यातून 'इट्स ऑन द फोर्थ फ्लोअर अँड देअर इज नो लिफ्ट' हे ज्याचं त्याला घडवावं लागतं. लिफ्टबद्दल सांगताना 'देअर इज' हवं, 'इट इज' नाही आणि 'लिफ्ट इज नॉट देअर' नाही, हा खड्डा या पातळीवर सगळ्यांच्या वाटेत असतो, आणि तो पुस्तकातल्या गाळलेल्या जागा भरून भरत नाही. इंग्रजीच्या वर्गात मराठी कार्डं पाहून काही पालक किंवा संचालक भुवया उंचावतात. त्यांना खुशाल उंचावू द्याव्यात. कागदावर मराठी आणि तोंडात इंग्रजी हे उलट्या मांडणीपेक्षा केव्हाही बरं.

दीड तास कसा जातो

साडेसात ते पावणेआठ येतील तसे येऊ द्यायचे. आलेल्यांना जोडीने फक्त आकड्यांचा सराव: थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी, फिफ्टीन-फिफ्टी. एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने लिहायचा. 'टीन'वर जोर आणि लांबी, 'टी'वर नाही. कार्डांत १३,००० आणि ३०,०००, १५,००० आणि ५०,००० मुद्दाम ठेवले आहेत. ऐकण्यात चूक झाली तर हिशेब चुकतो आणि गटाला ती स्वतःच सापडते. उशिरा येणाऱ्याचं या पंधरा मिनिटांत फारसं नुकसान होत नाही.

पावणेआठला पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे तोंड करून बसायचं. ठोकलेल्या बाकांवर चौघांचा गट असाच होतो. कार्डं वाटून चार मिनिटं शांतता. या वेळात जुळवाजुळव करायची, हवं तर तीन शब्द लिहायचे, पूर्ण वाक्य नाही. ही चार मिनिटं शिक्षक नेहमी कापतात, आणि तिथेच चूक होते. तयारीविना सुरू केलं की पहिला बोलणारा अडखळतो, त्याला मदत म्हणून कोणी मराठीत शिरतं आणि मग सगळा गट मराठीत जातो.

पुढची बारा मिनिटं माहितीची देवाणघेवाण. वहीत हाताने तक्ता आखायचा, चार ओळी, पाच रकाने; त्यासाठी झेरॉक्स नको. पेन गटात एकच, आणि ज्याचं कार्ड सांगितलं जातंय तो सोडून दुसऱ्या कोणाकडे तरी. लिहिणाऱ्याला कार्ड दिसत नाही, म्हणून त्याला विचारावंच लागतं: 'सॉरी, डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी?' हे आणि अशी आणखी पाच वाक्यं फळ्याच्या कडेला आधीच लिहिलेली असतात. पेन प्रत्येक ओळीला पुढच्याकडे जातं. एकाकडेच राहिलं तर तो कारकून होतो आणि बोलणं बाकीच्या तिघांकडे जातं. अबोल माणसाला पहिली पाळी द्यावी. त्याला मतं मांडायची नसतात, नुसतं नीट ऐकायचं आणि विचारायचं असतं, आणि त्यातून तो बोलायला लागतो.

मग दहा मिनिटं निर्णय. आवाज इथे चढतो. दार लावून घ्यावं. शेजारच्या खोलीत बारावीचे क्लास असतात.

निर्णय झाल्यावर फोन. गटातल्या एकाने उठून शेजारच्या गटातल्या 'एजंट'कडे पाठ करून उभं राहायचं. पाठ केल्याने हातवारे आणि ओठ दोन्ही जातात, फोनवर होतं तसंच. एजंटकडे वेगळी चिठ्ठी: पाण्याची वेळ, ब्रोकरेज एक महिन्याचं, करार ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, जागा कधी रिकामी होते. डिपॉझिट दोन हप्त्यांत चालेल की नाही हे त्याने स्वतः ठरवायचं. विक्रोळीवाले गट इथे जोरात भांडतात.

फोनच्या टप्प्यात एक वेगळीच अडचण वर येते, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकात सहसा दिसत नाही. मराठीत अदब क्रियापदाच्या शेवटात आणि एखाद्या 'हो' किंवा 'ना'मध्ये मावते: 'डिपॉझिट किती हो?', 'जरा सांगा ना.' इंग्रजीत तेवढंच उचललं की 'टेल मी डिपॉझिट' होतं, आणि ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. मग सगळे 'सर'चा आधार घेतात, दर वाक्याला एक. चार 'सर' लावूनही 'टेल मी' मवाळ होत नाही. तिथे 'कुड यू टेल मी हाऊ मच द डिपॉझिट इज?' हा पूर्ण साचा लागतो, आणि त्यात 'इज' शेवटी जातं हे या पातळीवरचं खास दुखणं. 'कुड यू टेल मी हाऊ मच इज द डिपॉझिट' हे पतपेढीतल्या क्लार्कपासून बी.कॉम.च्या मुलीपर्यंत सगळे म्हणतात. हा साचा कृतीआधी शिकवू नये. पहिल्या फोननंतर शिकवावा, तोंडावर आपटल्यावर.

सव्वाआठच्या पुढे बाईंच्या हाताशी पाऊण तास उरतो. बहुतेक शिक्षक इथे प्रत्येक गटाला फळ्यापाशी बोलावून निर्णय सांगायला लावतात. पाच गट, प्रत्येकी चार मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांत कोणत्याही क्षणी एकोणीस जण गप्प. ते टाळावं. निर्णय फळ्यावर एका ओळीत लिहून घेतले की पुरे.

चुका कधी काढायच्या

रॉय लिस्टर आणि लैला रँटा या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. शिक्षक सगळ्यांत जास्त वेळा करतात ते म्हणजे चुकलेलं वाक्य हळूच बरोबर करून म्हणणं, आणि त्याला शिकणाऱ्याकडून सगळ्यांत कमी प्रतिसाद येतो. परळमध्ये ते असं दिसतं:

'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.'
'ओके, यू हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स. गुड!'
'येस मॅडम.'

त्याला वाटतं बाईंना पटलं. बाईंना वाटतं त्याला कळलं.

म्हणून कृती चालू असताना बाई फिरतात, कानावर पडेल ते वहीत टिपतात, मध्ये पडत नाहीत. अपवाद एकच: चुकीमुळे गटाचा अर्थच फिरला तर. मग फळ्यावर पाच वाक्यं येतात, तीन चुकलेली, दोन बरोबर, कोणाचीच नावं नाहीत. बरोबर वाक्यं ठेवायचीच. सगळी चुकलेली असतील तर मुलं न वाचता प्रत्येक वाक्य बदलू लागतात. जोडीने चार मिनिटांत कोणती चूक ते शोधायचं. 'सिन्स टू इयर्स'चं मूळ 'दोन वर्षांपासून'मध्ये आहे: मराठीचं 'पासून' मुदतीलाही चालतं आणि सुरुवातीच्या दिवसालाही, आणि 'करतोय' हा चालू काळ त्याच्याबरोबर सुखाने नांदतो. हे एका मिनिटात मराठीत सांगितलं की काम होतं. इंग्रजीतून दहा उदाहरणं देऊन तेवढं होत नाही. 'डिस्कस अबाउट', 'ही टोल्ड टू मी' यांचंही असंच.

'अ' आणि 'द'च्या मागे मात्र या टप्प्यावर लागू नये. मराठीत असा प्रकारच नाही, नियम सांगून ते लवकर बसत नाही आणि त्यापायी बोलणारा दर नामापाशी थांबायला लागतो.

दुसरी फेरी

दुरुस्ती झाली की बहुतेक वर्ग सुटतात. या बॅचमध्ये कृती पुन्हा होते. त्याच दिवशी वेळ उरला तर नुसता फोन; बुधवारी पूर्ण कृती, गट फिरवून आणि कार्डं बदलून. 'मॅडम, हे झालंय ना' अशी कुरकुर येते. तेव्हा अटी वेगळ्या माणसांकडे गेल्या आहेत आणि मागच्या वेळी पड खाणाऱ्याला आता भांडायचं आहे, एवढं सांगितलं की पुरतं.

दुसऱ्या वेळी काय बोलायचं याचा विचार झालेला असतो, म्हणून डोकं कसं बोलायचं याकडे मोकळं होतं. मार्टिन बायगेट यांनी नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला आहे, कृती पुन्हा केल्यावर भाषेचं काय होतं याचा. वर्गात ते साध्या कानाने ऐकू येतं. पहिल्या फेरीत 'लिफ्ट नो, मॅडम, फोर फ्लोअर', दुसरीत 'देअर इज नो लिफ्ट, अँड इट्स ऑन द फोर्थ फ्लोअर, सो फॉर माय नी...' फळ्यावरची दुरुस्ती दोन फेऱ्यांच्या मध्ये असली तरच तिचा उपयोग. तासाच्या शेवटी केलेली दुरुस्ती करी रोड स्टेशनपर्यंतही टिकत नाही.

मराठी किती चालेल

काही क्लासेसमध्ये मराठी शब्दाला पाच रुपये दंड असतो. त्याने मराठी जाते, त्याबरोबर बोलणंही जातं. या बॅचमध्ये मराठी तीन ठिकाणी येते. कृतीचे नियम समजून घेताना येते, येऊ द्यावी. दोन मिनिटांत काम होतं. डिपॉझिट भागिले चार करताना येते. हिशेब माणूस आपल्या भाषेतच करतो, त्याला हरकत नाही, उत्तर मात्र इंग्रजीत सांगायचं. तिसरी जागा म्हणजे भांडण तापतं तेव्हा. तिथे मुलांना इंग्रजी नको असतं असं नाही, तोडणारं वाक्य हाताशी नसतं. 'बट लुक ॲट इट माय वे', 'दॅट वोन्ट वर्क बिकॉज...', 'ऑल राइट, इफ यू पे मोअर, आय विल...' अशी चार-पाच वाक्यं पट्टीवर लिहून बाकावर ठेवली की मराठी बरीच मागे हटते. शेवटचं वाक्य सौद्याचं आहे, आणि 'इफ'नंतर 'विल' घालण्याची सवय मोडायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

सोबतच्या दोन कृती

पहिली पॉल नेशन यांनी रूढ केलेली चार-तीन-दोन. एकच गोष्ट तीन वेगळ्या श्रोत्यांना चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगायची. या बॅचला चार मिनिटं पेलवत नाहीत, म्हणून तीन, दोन, एक. भिंतीकडचा जागेवर राहतो, वाटेकडचा उठून एक बाक मागे जातो, शेवटचा पुढे येतो. विषय साधा, कामावरचा एखादा दिवस. वेळ कमी होत जातो तशी अडखळ कमी होते. चुका मात्र आपोआप सुधारत नाहीत, उलट घट्ट होतात, म्हणून ही कृती महिन्यातून दोनदाच आणि तीही ज्यांचा अडसर अडखळणं हाच आहे त्यांच्यासाठी.

दुसरी डिक्टोग्लॉस. पन्नासेक शब्दांचा मजकूर नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं, दुसऱ्यांदा मोजके शब्द टिपायचे, मग चौघांनी मिळून मजकूर पुन्हा उभा करायचा. रविवारचा मेगाब्लॉक याला अगदी योग्य, कारण तो सगळ्यांच्या जिवाचा विषय: 'ऑन संडे, देअर विल बी अ मेगाब्लॉक ऑन द डाउन स्लो लाइन बिट्वीन माटुंगा अँड मुलुंड. स्लो ट्रेन्स विल बी डायव्हर्टेड टू द फास्ट लाइन. दे विल नॉट स्टॉप ॲट विद्याविहार, कांजूरमार्ग ऑर नाहूर. पॅसेंजर्स फॉर दीज स्टेशन्स आर रिक्वेस्टेड टू ट्रॅव्हल व्हाया घाटकोपर, भांडुप ऑर मुलुंड.' स्टेशनांची नावं सगळ्यांना येतात, अडतं ते 'विल बी डायव्हर्टेड'पाशी. अर्ध्या गटांत ते 'विल डायव्हर्ट' होतं, मग कोणीतरी विचारतं, गाडी स्वतःहून वळते का? हा वाद गटात होतो तोच खरा धडा. बिघडतं एकाच कारणाने: शिक्षकाला दया येते, तो थांबत-थांबत वाचतो, आणि कृतीचं श्रुतलेखन होतं.

मोजायचं कसं

लेखी परीक्षेत यातलं काही दिसणार नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं एक मिनिट बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, सहाव्या आठवड्यात त्याच विषयावर पुन्हा. दोन सेकंदांपेक्षा लांब थांबे किती आणि गटात स्वतःहून विचारलेले प्रश्न किती, एवढंच मोजायचं. थांबे आधी कमी होतात, प्रश्न त्यानंतर वाढतात. 'अ', 'द' आणि 'ही गोज'चा 'ज' जिथल्या तिथे राहतात. शिकणाऱ्याला दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवावीत, पण त्याच्या एकट्याच्या मोबाईलवर, वर्गासमोर नाही.

पुढचा संच

जागेचा संच दोन आठवड्यांत संपतो. त्यानंतर लग्नाचा हॉल, ऑफिसची अलिबाग किंवा माथेरानची सहल, सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी हॉस्पिटल, काहीही चालतं. घाट तोच: चार पर्याय, चार अटी, प्रत्येक पर्याय एकच अट मोडणारा, कार्डं मराठीत, आकडे फसवे. झेरॉक्सला टाकण्याआधी संच दोन सहकाऱ्यांना देऊन घड्याळ लावावं. चार मिनिटांच्या आत ठरलं, किंवा एकाने दुसऱ्याला एकही प्रश्न न विचारता ठरलं, तर कार्डं पुन्हा लिहायची. बहुतेक वेळा एखादा पर्याय जास्त चांगला झालेला असतो, आणि त्यातला एक आकडा बदलला की संच चालू होतो.